मजकुराची फाइल आधी कमांड लाइनवर तपासावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या, शाळांचे पट, पतसंस्थांचे सभासद, ग्रामपंचायतींच्या घरपट्टीच्या नोंदी असे बरेच काही आता साध्या मजकुराच्या फाइलींतून, बहुधा सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) स्वरूपात, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात असते. फाइल आली की तिच्यावर दोनदा क्लिक करायचे आणि ती एक्सेलमध्ये उघडायची, ही सर्वत्र रूढ झालेली पद्धत आहे. या पद्धतीत एक पायरी वगळली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. कोणत्याही प्रोग्रामला फाइलीचा अर्थ लावू देण्याआधी तिच्यात प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहिले पाहिजे. त्यासाठी लागणारी कमांड लाइनवरची, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची छोटी साधने बहुतेक लिनक्स आणि मॅक संगणकांवर आधीपासून असतात, विंडोजवर ती फुकट घेता येतात. इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा मराठीत काम करणाऱ्यांना त्यांची गरज अधिक आहे.

एक्सेलसारखी स्प्रेडशीट फाइल नुसती दाखवत नाही, तर ती उघडतानाच प्रत्येक रकान्यातील मजकूर म्हणजे संख्या, तारीख की शब्द याचा अंदाज बांधते आणि त्या अंदाजाप्रमाणे मजकूर बदलते. आरंभी शून्य असलेला खाते क्रमांक आला की ते शून्य गळते. खाते क्रमांक सोळा अंकी असेल, तर पंधराव्या अंकापुढचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक सांभाळते. यानंतर कोणी ‘सेव्ह’ केले की मूळ आकडा त्या फाइलीतून कायमचा जातो. जगभर संशोधकांनाही याचा इतका त्रास झाला, की मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी जनुकांची नावेच बदलल्याचे २०२० साली जाहीर केले, कारण एक्सेल त्यांना तारखा समजत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ बाधित सुटल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या मजकुराच्या फाइली जुन्या एक्सएलएस स्वरूपात घेतल्या जात होत्या, त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या. त्या बाधितांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्याचे काम त्यामुळे लांबले. फाइल आत घेण्यापूर्वीच्या आणि घेतल्यानंतरच्या ओळींची संख्या शेजारी शेजारी मांडली असती, तर ही तफावत पहिल्याच दिवशी दिसली असती.

ओळी मोजण्याचे ते साधन म्हणजे ‘डब्ल्यूसी’. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ते आहे, आणि आजही त्याचे काम तेच आहे. ‘डब्ल्यूसी’पुढे डॅश एल लिहून फाइलीचे नाव दिले की ओळींची संख्या मिळते, मग फाइल शंभर ओळींची असो वा एक कोटी ओळींची. ते खरे तर ओळ संपल्याची खूण मोजते. त्यामुळे शेवटच्या ओळीपुढे ती खूण नसेल तर संख्या एकाने कमी येते, आणि एखाद्या रकान्यात अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळ दडलेली असेल तर संख्या वाढते. हे ठाऊक असले की आकडा जुळला नाही तरी माणूस गोंधळत नाही.

त्याच्या जोडीला ‘हेड’ आणि ‘टेल’ आहेत. पहिले आरंभीच्या दहा ओळी दाखवते आणि दुसरे शेवटच्या. ‘लेस’ने संपूर्ण फाइल पडद्यागणिक वाचता येते, आणि ती सगळीच्या सगळी स्मृतीत घ्यावी लागत नसल्यामुळे स्प्रेडशीट ज्या फाइलीपुढे गुडघे टेकते तीही ‘लेस’मध्ये लगेच उघडते. तिरकी रेघ देऊन शब्द शोधावा, क्यू दाबून बाहेर पडावे, सुरुवातीला एवढे पुरे. मात्र अनेक जण ‘हेड’वरच थांबतात आणि पहिल्या दहा ओळी ठीक दिसल्या की फाइल ठीक आहे असे धरून चालतात. शितावरून भाताची परीक्षा येथे होत नाही. याद्या अनेक हातांनी भरलेल्या आणि एकाखाली एक चिकटवलेल्या असतात, आणि दोष असतो तो नेमका जोडाच्या ठिकाणी, कुठेतरी मध्यभागी. म्हणून संपूर्ण फाइलीला एकच प्रश्न विचारणारी साधने हवीत.

‘ग्रेप’ हे त्यांतले प्रमुख साधन आहे. बँकेच्या शाखेचा आयएफएससी घ्या. त्यात अकरा चिन्हे असतात, पहिली चार रोमन अक्षरे, पाचवे नेहमी शून्य आणि पुढे सहा अंक किंवा अक्षरे. ही रचना ‘ग्रेप’च्या नमुन्यात लिहावी आणि डॅश व्ही, डॅश एन हे पर्याय लावावेत, म्हणजे त्या रचनेत न बसणाऱ्या ओळीच तेवढ्या आपापल्या क्रमांकासह समोर येतात. पाचव्या जागी शून्याऐवजी ‘ओ’ हे अक्षर टाइप करणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. छापील कागदावर ती डोळ्यांना दिसत नाही, ‘ग्रेप’ ती क्षणात काढून देतो. कधीकधी मात्र यादीतली प्रत्येक ओळच चुकीची ठरते. तेव्हा नमुन्यावर शंका घेण्याआधी ‘फाइल’ ही कमांड चालवून पाहावी. तिने ‘सीआरएलएफ’ असे उत्तर दिले तर फाइल विंडोजवर तयार झाली आहे, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह अधिक आहे, आणि आयएफएससीचा रकाना शेवटचा असल्यास ते चिन्ह त्याला चिकटून बसले आहे.

पत्त्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे पत्ता ‘मु. पो.’, मग गाव, स्वल्पविराम, तालुका, स्वल्पविराम, जिल्हा असा लिहितात, आणि सीएसव्हीत रकाने वेगळे करतो तोही स्वल्पविरामच. पत्ता अवतरणात नसेल, तर त्या ओळीतले पुढचे सर्व रकाने सरकतात आणि खाते क्रमांकाच्या जागी पिनकोड येऊन बसतो. ‘ऑक’ या साधनाला प्रत्येक ओळीतील रकान्यांची संख्या छापायला सांगून ती ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ यांच्याकडे दिली, की किती ओळींत आठ रकाने आहेत, किती ओळींत नऊ आणि किती ओळींत दहा, हे दोन-तीन ओळींच्या उत्तरात कळते. माझ्या मते कोणत्याही यादीवर सर्वांत आधी करावी अशी हीच तपासणी आहे, आणि ती होत नाही म्हणूनच पुढची निम्मी दुरुस्ती करावी लागते.

एका साधनाचे उत्तर दुसऱ्याला देण्याची ही सोय, म्हणजे पाइपची उभी रेघ, अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये आणली. ‘ग्रेप’ही थॉम्पसन यांचेच. याच थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह १९९२ साली यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची रचना आखली, आणि आज आपली देवनागरी बहुतेक ठिकाणी याच रचनेत साठवली जाते. हा इतिहास सांगण्याला एक व्यवहारातले कारण आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे एक छोटे माप) असते आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट स्वल्पविरामाशी, जागेशी किंवा ओळीच्या खुणेशी कधीच जुळत नाही. म्हणून देवनागरीचा गंध नसलेली पन्नास वर्षांपूर्वीची साधनेही मराठी फाइलीचे रकाने बिनचूक वेगळे करू शकतात.

तरीही मराठी मजकूर तपासताना काही गोष्टी वेगळ्याने शिकाव्या लागतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो. संगणकासाठी तो दहा चिन्हांचा आहे, कारण काने आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात, आणि फाइलीत तो तीस बाइट जागा घेतो. ‘डब्ल्यूसी’ला डॅश सी दिले तर तो बाइट मोजतो, डॅश एम दिले तर चिन्हे. एखाद्या अर्जात ‘नाव जास्तीत जास्त पन्नास अक्षरांचे’ अशी मर्यादा असते आणि प्रत्यक्षात प्रणाली पन्नास बाइट मोजते, तेव्हा सतराव्या चिन्हाच्या मध्यावरच नाव तुटते आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. असे तुटके नाव असलेली पावती हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर चुकीचे असते.

यापेक्षा गंभीर प्रश्न आहे तो दिसायला सारख्या पण आतून भिन्न असलेल्या शब्दांचा. समजा, सातारा जिल्ह्याची एक यादी आहे आणि तिच्या तिसऱ्या रकान्यात तालुका लिहिलेला आहे. ‘कट’ने तो रकाना वेगळा काढावा, ‘सॉर्ट’ने क्रम लावावा आणि ‘युनिक’ला डॅश सी देऊन प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजावे. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, तेव्हा उत्तरात अकरा ओळी यायला हव्यात. प्रत्यक्षात त्याहून अधिक येतात. ‘जावळी’ आणि ‘जावली’, ‘कोरेगाव’ आणि ‘कोरेगांव’, एखाद्या नावापुढे राहिलेली रिकामी जागा, हे डोळ्यांना दिसणारे भेद झाले. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ हाही दिसणारा भेद आहे. पण ‘कऱ्हाड’ याच नावाच्या दोन ओळी येतात, दोन्ही पडद्यावर अगदी एकसारख्या दिसतात, आणि तरीही संगणक त्या वेगळ्या मोजतो. इथे बहुतेक जण यंत्र बिघडले असे मानून पुढे जातात.

त्या दोन ओळी ‘एक्सएक्सडी’ या प्रत्येक बाइट सांकेतिक अंक-अक्षरांत दाखवणाऱ्या साधनातून पाहिल्या की उलगडा होतो. एका ‘कऱ्हाड’मध्ये ‘ई० ए४ बी१’ हे तीन बाइट दिसतात. ते ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाचे आहेत, आणि त्यापुढे हलन्त व ‘ह’ येतो. दुसऱ्यात साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यानंतर ‘ई२ ८० ८डी’ असे तीन बाइट असतात. हे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आहे, ते पडद्यावर दिसत नाही, फक्त पुढच्या अक्षराला जोडताना ‘र’चे रूप बदलते. पहिला शब्द अठरा बाइटांचा आणि दुसरा एकवीस बाइटांचा. कोणत्या कळफलकावरून टाइप केले त्यावर यांपैकी कोणते रूप उमटेल हे ठरते, आणि टाइप करणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. ही तपासणी करताना आधी ‘एलसी_ऑल’ या भाषेच्या सेटिंगला ‘सी’ ही किंमत द्यावी, म्हणजे तुलना केवळ बाइटांची होते आणि भाषेच्या नियमांमुळे कोणताही भेद झाकला जात नाही. मात्र अशी क्रमवारी शब्दकोशासाठी वापरू नये, कारण तिच्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर नाही.

हा प्रश्न एका तालुक्यापुरता असता तर मी आपली जागा घेतली नसती. ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांचे’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’, ‘व्यापाऱ्यांकडून’ हे आपल्या प्रशासनाचे रोजचे शब्द आहेत, आणि त्या प्रत्येकात हीच जोडणी आहे. एखादा पत्रकार किंवा अभ्यासक हजारो पानांच्या मजकुरात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधतो आणि जे सापडते त्यावरून निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याला अर्धाच मजकूर सापडलेला असण्याची शक्यता असते. शोधाच्या खिडकीत हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ‘ग्रेप’मध्ये मात्र कंसात दोन्ही रूपे उभ्या रेघेने वेगळी करून लिहिता येतात, आणि प्रत्येक रूप किती ओळींत आले हेही स्वतंत्रपणे मोजता येते.

अशाच जोड्या इतरही आहेत. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदूचे एकच चिन्ह देऊन लिहिता येतो, किंवा चंद्र आणि अनुस्वार ही दोन चिन्हे देऊन. ‘ॲ’साठी स्वतंत्र चिन्ह युनिकोड या सर्व लिप्यांच्या जागतिक चिन्हसंचात २००८ साली आले. त्यापूर्वीचा आणि नंतरचाही पुष्कळ मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, आणि संगणकाच्या लेखी ती दोन रूपे एक नाहीत. अंकांचेही तेच. ‘सॉर्ट’ला डॅश एन देऊन संख्येप्रमाणे क्रम लावायला सांगितले तरी १२३ हे देवनागरी अंक त्याला संख्या वाटत नाहीत. त्यांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करण्यासाठी अनेक जण ‘टीआर’कडे वळतात. ते साधन बहुतेक लिनक्स वितरणांत बाइटनिहाय चालते, त्यामुळे देवनागरी अंकांचा चुराडा होतो. तेच काम ‘सेड’ची वाय ही कमांड नीट करते. हे असले तपशील इंग्रजी माहितीपुस्तिकांतून कोणी सांगत नाही, ते आपल्यालाच आपल्या भाषेत लिहून ठेवावे लागतील.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टचा प्रश्न ‘फाइल’ ही कमांड एका ओळीत सोडवते. ज्या मजकुराला ती ‘आस्की’ (केवळ इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे यांचा संच) म्हणते, त्यात युनिकोड देवनागरी असूच शकत नाही, पडद्यावर विशिष्ट फॉन्टमध्ये तो कितीही स्वच्छ मराठी दिसो. त्याचे रूपांतर करावेच लागते. तिने यूटीएफ-१६ असे सांगितले तर मजकूर देवनागरीच आहे, केवळ साठवण वेगळी आहे. अशा फाइलीत ‘ग्रेप’ला काहीच सापडत नाही, आणि ‘आयकॉन्व्ह’ने तिला यूटीएफ-८मध्ये आणले की सर्व सापडते. या दोहोंतला फरक न कळल्यामुळे धडधाकट फाइली पुन्हा टाइप करवून घेतल्या जातात, हे मला फार खेदाचे वाटते.

या साधनांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फाइल उघडत नाही किंवा अक्षरे विचित्र दिसतात, म्हणून ती इंटरनेटवरच्या एखाद्या मोफत रूपांतर करणाऱ्या ठिकाणी चढवण्याची सवय वाढते आहे. त्या यादीत लोकांची नावे, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक आणि बँक खाती असतात, आणि ती नेमकी कोणाच्या संगणकावर गेली हे चढवणाऱ्याला माहीत नसते. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण कायदा नसता तरी हे करणे गैरच होते. कमांड लाइनवर केलेल्या तपासणीत फाइल आपल्या संगणकाबाहेर जात नाही. शिवाय वर सांगितलेली बहुतेक साधने फाइल फक्त वाचतात, तिला धक्का लावत नाहीत. एकच खबरदारी घ्यावी. उत्तर बाणाच्या चिन्हाने फाइलीत साठवताना मूळ फाइलीचेच नाव देऊ नये, कारण कमांड सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी केली जाते.

विंडोज वापरणाऱ्यांना डब्ल्यूएसएल ही विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय बसवून हे सर्व करता येते. ते शक्य नसेल तर पॉवरशेल या विंडोजच्याच कमांड लाइनमध्येही ओळी पाहण्याच्या व शोधण्याच्या सोयी आहेत, फक्त जुन्या आवृत्तीत फाइल वाचताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची रचना) यूटीएफ-८ असल्याचे स्पष्टपणे सांगावे लागते, नाहीतर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात.

संगणक साक्षरतेचे अभ्यासक्रम आपल्या राज्यात गावोगाव पोहोचले आहेत, आणि पत्र टाइप करणे, तक्ता करणे, सादरीकरण करणे त्यांतून लाखो लोक शिकले. त्या अभ्यासक्रमांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या माहिती तंत्रज्ञान विषयात मराठी मजकुराची फाइल तपासण्याचे एक प्रात्यक्षिक असावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, परवाना लागत नाही, आणि वर उल्लेखिलेल्या कमांड मराठी उदाहरणांसह दोन-तीन पानांत मावतात. तालुका आणि जिल्हा कार्यालयांत याद्या स्वीकारताना ओळींची संख्या, रकान्यांची संख्या आणि एन्कोडिंग या तीन गोष्टी पोचपावतीवर लिहून देण्याची पद्धत सुरू करावी, म्हणजे यादी कोणत्या टप्प्यावर बिघडली हे नंतर शोधता येईल. आपल्या वृत्तपत्राने आठवड्यातून एखादी चौकट या साधनांसाठी राखून ठेवली, तर तिचा मजकूर लिहून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक, सातारा